आयर्लंडच्या किनाऱ्यावरील एक दिवस

प्रवासवर्णन लिहिण्याचा आमचा अधिकार नाही. आयुष्य गोण्या, काटा आणि वही यांच्या सहवासात गेले. तथापि स्मरणिकेसाठी काही लिहावे असा मंडळींचा आग्रह पडला, म्हणून गेल्या उन्हाळ्यात सहकुटुंब घडलेल्या प्रवासातील एकच दिवस वाचकबंधूंपुढे ठेवीत आहोत.

आमचे चिरंजीव नोकरीनिमित्त डब्लिन शहरी असतात. त्यांनी आम्हांस आयर्लंडचा पश्चिम किनारा दाखविण्याचे मनावर घेतले. उत्तरेच्या डोनेगल परगण्यापासून दक्षिणेस किन्सेलपर्यंत सुमारे २,५०० किलोमीटरचा किनारी मार्ग तेथे २०१४ साली प्रवाशांसाठी आखण्यात आला असून त्यास ‘वाइल्ड अटलांटिक वे’ असे नाव आहे. आम्ही पाहिला तो त्यातील लहानसा तुकडा, गॉलवेच्या पश्चिमेकडील क्लिफडेन गावापासून वेस्टपोर्टपर्यंतचा.

क्लिफडेनच्या वरून जाणाऱ्या ‘स्काय रोड’वर गाडी चढली आणि खाली अटलांटिक महासागर पसरलेला दिसला. घटकेत ऊन, घटकेत पाऊस. रस्ता अरुंद; समोरून दुसरे वाहन आले की एकाने थांबावे आणि दुसऱ्याने हात उंचावून आभार मानावेत, अशी रीत. चुन्याशिवाय रचलेले दगडी बांध डोंगरभर गेलेले. मेंढरांच्या पाठीवर निळ्या-तांबड्या रंगाच्या खुणा असतात, ज्याची त्यास ओळखता यावीत म्हणून. आम्हांस गोण्यांवरील मार्क्याची आठवण झाली.

दुपारी एका खानावळीत सार मागविले, तर त्यात बटाटा. दुसरा पदार्थ विचारला, त्यातही बटाटा. सौभाग्यवतींनी बरोबरच्या दशम्या आणि चटणी सोडली. खानावळीच्या बाईंनी कौतुकाने कारण विचारले. आम्ही कंदमूळ खात नाही, हे त्या देशात सांगताना आम्हांस संकोच वाटला. कारण सकाळपासून डोंगरउतारांवर जे हिरवे समांतर वरंबे दिसत होते, ते बटाट्याचेच होते, आणि ते लावणारे हात पुन्हा परतले नव्हते.

१८४५ साली बटाट्यावर रोग पडला आणि पुढील काही वर्षे पीक कुजत गेले. गरीब कूळ ओट पिकवी ते जमीनदाराचा खंड भरण्यासाठी, पोटास बटाटाच. दहा लक्षांच्या आसपास माणसे उपासमारीने व रोगाने मेली, त्याहून अधिक देश सोडून गेली. १८४१च्या शिरगणतीत ८१ लक्ष असलेली लोकसंख्या १८५१ साली ६५ लक्षांवर आली, आणि संपूर्ण बेट धरले तरी ती १८४१चा आकडा आजतागायत गाठू शकलेली नाही.

धान्यव्यापाऱ्याने विचारावा असा प्रश्न पुढेच आहे. १८४६च्या शरदात बंदरांतून धान्य बाहेर जातच होते. सरकारने निर्यात रोखली नाही. त्याआधी अमेरिकेतून मका आणविला होता, पण तो इतका कठीण की दोनदा दळावा लागे. १८४७ साली परदेशी धान्य मुबलक आले, भावही उतरले. पण तोवर घेणाऱ्याच्या हाती पैसा उरला नव्हता. धान्य होते, दाम नव्हता.

लेटरफ्रॅक हे गाव लागले तेव्हा या कथेची दुसरी बाजू कळली. क्वेकर नावाचा ख्रिस्ती पंथ आहे. संख्येने अल्प, व्यापारात अग्रेसर, युद्धास विरोधी, शपथ न घेणारा, गिऱ्हाईक कोणीही असो एकच भाव सांगणारा. या मंडळींनी नोव्हेंबर १८४६मध्ये डब्लिन येथे मदत समिती स्थापन केली. जोसेफ ब्युली हे चहाचे व्यापारी आणि जोनाथन पिम हे कापडाचे, असे दोघे तिचे चिटणीस. गावोगाव कढया पाठवून त्यांनी धर्म न विचारता अन्न वाढले. पुढे १८४९ साली जेम्स व मेरी एलिस हे ब्रॅडफर्डचे क्वेकर दांपत्य लेटरफ्रॅकला येऊन राहिले. लोकांस काम दिले, घरे बांधली, शाळा काढली. गाव उभे राहिले ते त्यांच्यामुळे.

तेथून किलरी नावाच्या डोंगरांत शिरलेल्या खाडीच्या काठाने आम्ही डूलॉख तळ्यापाशी आलो. उंच डोंगर, काळे पाणी, मनुष्यवस्ती नाही. मार्च १८४९च्या अखेरीस शेकडो उपाशी माणसे मदतीसाठी लुइसबर्ग गावी जमली होती. तपासणी दुसऱ्या दिवशी सकाळी डेल्फी येथे होईल, असे त्यांस सांगण्यात आले. ती माणसे थंडी-वाऱ्यात रात्रभर कोसच्या कोस चालत गेली. अधिकारी भोजनास बसले होते, असे सांगतात. मदत मिळाली नाही. परतीच्या वाटेवर कित्येकांनी प्राण सोडले. आकड्याविषयी आजही एकमत नाही. तेथील दगडी क्रूसावर महात्मा गांधींचे एक वचन कोरलेले पाहून आम्ही स्तब्ध झालो. दुसऱ्याची मानहानी करून मनुष्यास स्वतःचा मान कसा वाटतो, असा त्याचा आशय आहे.

त्या तळ्याकाठी आम्हांस १९७२चे साल आठवले. तेव्हा आम्ही शाळकरी होतो. दुष्काळ पडला होता; सीमेपलीकडे महाराष्ट्रात लोक शिधावाटपाच्या दुकानातील तांबडा मिलो खात होते. एके दुपारी एक बाई आमच्या पेढीवर आली. पदराच्या गाठीत पैसे होते. दोन पायल्या जोंधळे हवे होते. दिवाणजींनी सांगितले, येथे पोत्याखाली विक्री नाही. बाजारात मिळत नाही म्हणूनच आल्ये, असे ती म्हणाली. तीर्थरूपांनी वहीतून मान वर केली आणि पुन्हा खाली घातली. ती वाद न घालता निघून गेली. तीर्थरूप धर्मशील होते. मंदिरास व पांजरपोळास त्यांनी हात आखडून कधी दिले नाही. त्या दिवशी कोणी लबाडी केली नाही, भाव चढविला नाही. केवळ नियम पाळला गेला. डेल्फी येथेही कदाचित तेवढेच झाले असेल.

सायंकाळी वेस्टपोर्टच्या अलीकडे मरिस्क येथे थांबलो. क्रो पॅट्रिक हा ७६४ मीटर उंचीचा पर्वत तेथे आहे; आपले यात्रेकरू शिखरजी चढतात तसे तेथील भाविक, काही अनवाणीही, तो चढतात. पायथ्याशी दुष्काळाचे राष्ट्रीय स्मारक आहे : जॉन बीहान यांनी घडविलेले, १९९७ साली उभारलेले कांस्याचे जहाज, शिडांच्या दोरांत मानवी सांगाडे गुंफलेले. त्यामागे मावळतीचा समुद्र विलक्षण सुंदर दिसत होता.

कच्छचे जगडूशाह यांनी तेराव्या शतकातील दुष्काळात आपली कोठारे मोकळी केली, ही कथा आपणांपैकी बहुतेकांनी बालपणी ऐकली आहे. तेवढी कोठारे आमच्यापाशी नाहीत. परंतु परत आल्यावर आम्ही गादीजवळ एक जुनी पायली धुऊनपुसून ठेविली आहे आणि मुनिमांस सांगितले आहे की, माप घेऊन कोणी आले तर पोत्याचा नियम सांगू नये. जय जिनेंद्र.