निळ्या रक्ताचे ऋण

इंजेक्शन टोचून घेताना त्यातले औषध जंतुविषापासून मुक्त आहे याची खात्री कोणी केली, हा प्रश्न आपल्याला सहसा पडत नाही. मी त्याच्या मागे लागलो आणि समुद्रातल्या एका पुरातन प्राण्यापाशी पोहोचलो. घोड्याच्या नालेसारख्या कवचामुळे त्याला ‘हॉर्सशू क्रॅब’ म्हणतात. प्रत्यक्षात तो खेकडा नव्हे. त्याचे नाते कोळी-विंचवांशी अधिक जवळचे. या कुळाचे सर्वांत जुने जीवाश्म सुमारे ४४.५ कोटी वर्षांपूर्वीचे आहेत. म्हणजे डायनोसॉर आले आणि गेले, हा मात्र टिकला.

त्याच्या रक्तात लोहाऐवजी तांबे असते, म्हणून ते निळे दिसते. आपल्यासारखी प्रतिपिंडे त्याच्यापाशी नाहीत. जखमेतून जंतू शिरले, की विशिष्ट रक्तपेशी जंतूंच्या विषाची चाहूल लागताच फुटतात, रक्त गोठते आणि जंतू जागीच अडकतात. फ्रेडरिक बँग यांनी १९५६ मध्ये याची नोंद केली. पुढे जॅक लेव्हिन यांच्यासह त्यांनी त्यावरून चाचणी घडवली. त्याआधी औषध सशाला टोचून त्याला ताप येतो का, हे पाहत असत.

सशांची सुटका झाली, पण भार या प्राण्यावर आला. अमेरिकेच्या किनाऱ्यावर त्यांना पकडून रक्त काढतात आणि परत सोडतात. त्यांतले काही मरतात. मादी वयात यायला सुमारे दहा वर्षे लागतात, त्यामुळे ही तूट लवकर भरून निघत नाही. डेलावेअर उपसागरात मे-जूनच्या भरतीला ते वाळूत अंडी घालतात. आर्क्टिककडे निघालेले ‘रेड नॉट’ पक्षी याच अंड्यांवर पोसतात. प्राणी घटले, की पक्ष्यांचीही उपासमार होते.

भारतात ओडिशा आणि बंगालच्या किनाऱ्यावर याच्या दोन जाती आहेत. तिथे मासेमारीची जाळी आणि अंडी घालायच्या वाळूचा नाश, हे त्यांचे मोठे धोके आहेत.

रक्ताला पर्याय आहे. सिंगापूरच्या डिंग जीक लिंग आणि हो बो यांनी रक्तातला ‘फॅक्टर सी’ हा घटक जनुकतंत्राने प्रयोगशाळेत तयार केला. युरोपीय औषधसंहितेने ही चाचणी २०२१ पासून स्वीकारली. शोध आणि स्वीकार यांत दोन दशकांहून अधिक काळ गेला. माझ्या मते ही दिरंगाई विज्ञानाची नव्हे, सवयीची आहे.