गिअर कोण बदलतो? एका तारेची गोष्ट

यवतमाळहून मूर्तिजापूरला जाणारी शकुंतला तुमच्यापैकी काहींच्या आजोबांनी नक्कीच पाहिली असेल. 1921 साली मँचेस्टरला बांधलेले एक वाफेचे एंजिन ही नॅरोगेज गाडी 1923 पासून सत्तर वर्षे ओढत होते. 15 एप्रिल 1994 रोजी त्याच्या जागी डिझेल एंजिन आले, आणि आता तर ती गाडीच धावत नाही. या वाफेच्या एंजिनाला गिअर नव्हते, हे तुमच्या कधी लक्षात आले आहे का?

गिअरची त्याला गरजच नव्हती. चाके थांबलेली असली तरी सिलिंडरात वाफ सोडली की ती दट्ट्याला पूर्ण जोराने ढकलते. पेट्रोल एंजिनाचे तसे नाही. ते मिनिटाला काहीशे फेरे फिरत असेल तरच जिवंत राहते, आणि चांगला जोर हवा असेल तर त्याहून बरेच जास्त फेरे लागतात. चढावर चाके हळू फिरतात, पण एंजिनाला मात्र वेगाने फिरायचे असते. या दोघांचा मेळ घालतो तो गिअरबॉक्स.

पुसदकडच्या घाटात एस. टी.च्या चालकाकडे एकदा नीट लक्ष द्या. चढ लागतो, एंजिन कण्हू लागते, चालक क्लच दाबून खालचा गिअर टाकतो आणि गाडी पुन्हा तालात चढू लागते. त्याने हे कशावरून ठरवले? एक, गाडीचा वेग किती आहे. दोन, आपला उजवा पाय किती दबला आहे, म्हणजे एंजिनाकडून आपण किती काम मागतो आहोत. एवढ्या दोनच गोष्टी जर एखाद्या यंत्राला कळवता आल्या, तर गिअर बदलायला माणूस कशाला हवा?

अमेरिकेत ओल्डस्मोबाईल कंपनीने 1940 च्या मॉडेलसाठी असा आपोआप गिअर बदलणारा डबा विकायला काढला. पुढे या डब्यांत क्लचच्या जागी टॉर्क कन्व्हर्टर रूढ झाला. दोन पंखे समोरासमोर ठेवा. एक चालू केला की त्याच्या वाऱ्याने दुसरा फिरू लागतो. वाऱ्याऐवजी तेल घ्या, मध्ये तेल वळवून परत पाठवणारी पाती बसवा, की झाला टॉर्क कन्व्हर्टर. हेर्मान फ्योटिंगर या जर्मन अभियंत्याने 1905 मध्ये तो जहाजांसाठी शोधला होता. (आपल्याकडे मनमोहन सुरी यांनी याच तत्त्वावर रेल्वे एंजिनांसाठी स्वतःची रचना केली. ‘सुरी ट्रान्समिशन’ या नावाने ती ओळखली जाते. तिच्याविषयी एक स्वतंत्र लेखच लिहायला हवा.)

डब्यात पुढे गिअरचे संच असतात. त्यांतला कोणता चालू आणि कोणता बंद, हे ठरते तेलाच्या दाबाने. तेल दट्ट्याला ढकलते, दट्ट्या क्लचच्या चकत्या एकमेकींवर आवळतो. पास्कलचा नियम तुम्हाला पाठ असेलच. समजा दट्ट्याचे क्षेत्रफळ 60 चौरस सेंटिमीटर आहे आणि तेलाचा दाब दर चौरस सेंटिमीटरला 4.2 किलोग्रॅम आहे. मग चकत्यांवर अडीचशे किलोग्रॅमचा भार पडला!

आता या डब्याचा ‘मेंदू’ पाहू. एका नळीत एक सरकती झडप आहे. तिच्या एका टोकाला जो तेलदाब येतो, तो गाडीच्या वेगाबरोबर वाढतो. चाकांकडे जाणाऱ्या दांड्यावर गव्हर्नर नावाची फिरती वजने असतात, आणि गाडी जितकी जोरात तितकी ती बाहेर फेकली जातात. झडपेच्या दुसऱ्या टोकाला स्प्रिंग असते आणि शिवाय एक दाब असतो, तो तुमच्या पायाबरोबर वाढतो. ही रस्सीखेचच म्हणा ना. वेगाची बाजू जिंकली की झडप सरकते आणि वरचा गिअर पडतो. पायाची बाजू जिंकली की खालचा.

पायाचा निरोप डब्यापर्यंत पोचवते कोण? जुन्या गाड्यांत हे काम एक तार करते, तिला किकडाऊन केबल म्हणतात. तिचे एक टोक कार्बुरेटरच्या थ्रॉटलला अडकवलेले असते आणि दुसरे डब्यातल्या एका छोट्या कॅमला. पाय दाबला की थ्रॉटल उघडतो, तार ओढली जाते, कॅम फिरतो आणि झडपेला ढकलतो. पाय पार तळाला नेला की तार शेवटपर्यंत ओढली जाते. तेव्हा वेग फार नसेल तर डबा लगेच खालचा गिअर टाकतो. पुढच्या ट्रकला मागे टाकायला नेमके हेच हवे असते. या प्रकाराला ‘किकडाऊन’ म्हणतात.

पण तारेचे एवढेच काम समजलात तर फसाल. ती मुख्य तेलदाबही वाढवते. एंजिन जास्त जोर लावते तेव्हा चकत्या जास्त घट्ट आवळायला नकोत का? तार सैल असेल तर एंजिनाचा जोर वाढतो, पण आवळणारा दाब मागेच राहतो. मग चकत्या घसरतात, तापतात आणि जळतात. म्हणजे एक सैल तार अख्खा डबा खाऊ शकते.

यवतमाळला माझ्या एका स्नेह्यांकडे 1970 च्या दशकाच्या सुरुवातीची इंग्रजी मोटार आहे. तिच्यात बोर्ग-वॉर्नर 35 हा तीन गतींचा स्वयंचलित डबा आहे. एकदा कार्बुरेटर साफ करून घेतल्यानंतर गाडी बिघडली. दुसऱ्यावरून तिसऱ्या गिअरला जाताना एंजिन नुसतेच भुंकायचे आणि गाडी तशीच राहायची. चढावर किकडाऊन तर नाहीच. डबा गेला, नवे भाग परदेशातून मागवा, असा सल्ला त्यांना मिळाला. खर्च ऐकून ते गाडी भंगारात द्यायला निघाले होते. आमच्या ओळखीच्या मिस्त्रींनी असा डबा कधी उघडलेला नव्हता. ते म्हणाले, “सर, खोलून देणं माह्या हातात हाय, बसवणं नाही. आधी न खोलता पाहू.”

मला हे वाक्य फार आवडले. त्यांनी आधी तेलकाडी काढून वास घेतला. तेल काळे पडून करपले असते तर चकत्या जळाल्याची ती खूण होती. पण तेल लाल आणि स्वच्छ होते. मग बॉनेट उघडून त्यांनी तार पाहिली. या तारेवर एक छोटा मणी चेपून बसवलेला असतो. एंजिन मंद चालत असताना तो बाहेरच्या नळीच्या टोकापासून अगदी थोडा, जेमतेम दीडेक मिलिमीटर सुटा असावा लागतो. इथे तो नळीला टेकलेला होता आणि पुढची तार चक्क लोंबत होती. कार्बुरेटर परत बसवताना लॉकनट कुठेही आवळलेला होता.

आता तुमच्या सायकलकडे जा. तारेचा ब्रेक असलेली सायकल हवी. ब्रेकजवळ एक पोकळ आट्याचा स्क्रू असतो. तो बाहेर काढत गेले की ब्रेक घट्ट होतो. आतली तार तर तेवढीच आहे, मग हे कसे? तुम्ही बाहेरच्या नळीची लांबी वाढवली. नळी लांबली की आतल्या तारेला तेवढे जास्त अंतर कापावे लागते, म्हणून ती ताणली जाते. 1896 मध्ये अर्नेस्ट बाउडेन यांनी ज्या तारेचे पेटंट घेतले, तीच ही. आपल्या मोटारीतली तारही तीच आणि तिला जुळवायची रीतही तीच.

मणी हा मात्र नुसता अंदाज झाला. तार कधी बदलली असेल तर त्याच्यावर विसंबता येत नाही. खरी साक्ष दाबमापकाची. डब्याच्या मागच्या अंगाला दाब मोजण्यासाठी एक बूच असते. तिथे मिस्त्रींनी पंक्चरवाल्याच्या कंप्रेसरचा दाबमापक रबरी नळीने जोडला. चाकांना पुढून-मागून दगड, हातब्रेक ओढलेला, पाय ब्रेकवर, आणि गाडीसमोर कोणी नाही. (ही चाचणी तुम्ही एकट्याने करायची नाही. चालू एंजिन आणि गिअरमध्ये असलेली गाडी ही प्रयोगशाळेतली परीक्षानळी नव्हे.) या डब्याचा नियम असा: गिअर ‘डी’मध्ये ठेवून एंजिन मिनिटाला 500 फेऱ्यांवरून 1000 फेऱ्यांवर नेले, तर दाब दर चौरस इंचाला 15 ते 20 पौंडांनी वाढला पाहिजे.

पहिल्यांदा 60 चे 66 झाले. वाढ फक्त 6! घसरण्याचे कारण काट्यावरच दिसत होते. मिस्त्रींनी लॉकनट सैल केला, स्क्रू थोडा बाहेर काढला आणि पुन्हा मोजले: 60 चे 71. आणखी थोडा काढला: 60 चे 77. इथे मी म्हणालो, “अजून थोडा ताणा, म्हणजे चकत्या चांगल्या आवळतील.” त्यांनी मान हलवली. त्यांचेच बरोबर होते. तार जास्त ताणली तर झडपेच्या रस्सीखेचीत पायाची बाजू विनाकारण जड होते. मग वरचा गिअर उशिरा पडतो आणि प्रत्येक बदलाला हिसका बसतो.

आजच्या गाड्यांत ही तार सापडणार नाही. पेडलाला सेन्सर असतो, तो विजेचा संकेत पाठवतो आणि संगणक गिअर ठरवतो. पण त्याला विचारायचे प्रश्न तेच दोन आहेत: वेग किती आणि पाय किती.

लॉकनट आवळून मिस्त्रींनी पुन्हा एकदा दाब मोजला, कारण आवळताना स्क्रू हलतो. काटा 77 वरच होता. त्यांनी स्क्रूवर नेलपॉलिशची एक रेघ ओढली आणि स्नेह्यांना म्हणाले, “आता कार्बुरेटर साफ करणाऱ्याला ही रेघ आधी दाखवा.” संध्याकाळी आम्ही तिघे आर्णी रस्त्यावर गेलो. पहिल्या चढावर स्नेह्यांनी पाय तळापर्यंत नेला. एंजिनाचा सूर एकदम वर गेला, आणि या वेळी गाडीही त्याच्याबरोबर गेली.