ओशोग्बो : ओशुनची देवराई आणि राजमुकुटाचे मणी

नैर्ऋत्य नायजेरियातील ओशोग्बो ही ओशुन राज्याची राजधानी. शहराच्या वेशीवर, ओशुन नदीच्या काठाने सुमारे ७५ हेक्टरांची देवराई आहे. ओशुन ही योरुबांची जलदेवता, लेकरे देणारी. तिच्या संमतीनेच गाव वसले, अशी श्रद्धा असल्याने इथल्या राजाचे, म्हणजे अताओजाचे, सिंहासन नदीशी बांधलेले आहे. ऑगस्टमधील उत्सवात पूर्वीच्या राजांचे मुकुट एकत्र मांडून पूजतात. अखेरच्या दिवशी अरुग्बा ही कुमारिका डोक्यावर नैवेद्य घेऊन मिरवणुकीने देवराईत जाते.

१९५० च्या दशकात या राईवर कुऱ्हाड चालू लागली होती, जुन्या मूर्ती चोरीला जात होत्या. ऑस्ट्रियात जन्मलेल्या चित्रकार सुझान वेंगर १९५० मध्ये नायजेरियात आल्या, योरुबा धर्माची दीक्षा घेऊन इथेच राहिल्या. गवंडीकाम करणारे अदेबिसी अकांजी आणि इतर स्थानिक कारागिरांना घेऊन त्यांनी लोखंड, सिमेंट आणि मातीतून देवतांची प्रचंड शिल्पे उभारली. ही शिल्पे प्रदर्शनासाठी नव्हती. जिथे देव उभा राहिला तिथले झाड तोडायला कोणी धजावेना, हेच त्यांचे सर्वांत मोठे यश. १९६५ मध्ये राई राष्ट्रीय स्मारक झाली, २००५ मध्ये जागतिक वारसास्थळ. वेंगर २००९ मध्ये ओशोग्बोतच वारल्या.

शहरातही १९६० च्या दशकात नवी कला रुजली. दुरो लादिपो यांच्या नाटकमंडळीभोवती आणि उली व जॉर्जिना बायर यांच्या कार्यशाळांतून ट्विन्स सेव्हन-सेव्हन, मुराइना ओयेलामी, जिमो बुराइमो हे कलावंत पुढे आले. बुराइमो त्या मंडळीत प्रकाशयोजना सांभाळत. त्यांच्या चित्रांचे साहित्य मात्र राजमुकुटातले. योरुबा राजाचा मुकुट शंकूच्या आकाराचा. त्यावर मण्यांनी मढवलेले चेहरे आणि पक्षी, पुढे राजाचा चेहरा झाकणारी मण्यांची झालर. राजसत्तेची खूण असलेले हे मणी बुराइमोंनी चित्रफलकावर आणले. मण्यांच्या माळा आकृतीच्या वळणावळणाने शेजारी शेजारी चिकटवायच्या आणि उरलेल्या जागी रंग भरायचा, अशी त्यांची पद्धत. उजेड पडताच काचेचे मणी चमकतात आणि सपाट चेहऱ्याला उठाव येतो. परंपरेची नक्कल न करता तिचेच साहित्य नव्या कामाला लावण्याचे याहून चांगले उदाहरण क्वचितच सापडेल.

देवराईतील उघड्यावरच्या शिल्पांना पाऊस आणि दमट हवेमुळे सतत डागडुजी लागते. नदीचे दुखणे अधिक गंभीर आहे. वरच्या अंगाला चाललेल्या सोन्याच्या खाणकामाने पाणी गढूळ आणि दूषित झाले असून, पवित्र मानून पिणाऱ्या भाविकांना ते न पिण्याचा इशारा सरकारला द्यावा लागला आहे.