शोध लागण्याआधीची रात्र

उत्तर जपानमधल्या यामागाता इथल्या कोइची इतागाकींचा घरचा व्यवसाय शेंगदाणे-कडधान्यांच्या खाऊचा. खगोलशास्त्रज्ञ त्यांना ओळखतात ते मात्र अतिनवताऱ्यांमुळे, म्हणजे स्फोट होऊन मरणाऱ्या ताऱ्यांमुळे. स्वतःच्या दुर्बिणींतून त्यांनी असे दीडशेहून अधिक तारे हुडकलेत. 19 मे 2023 रोजी, आपल्याकडे रात्रीचे अकरा वाजत आले असताना, सप्तर्षींजवळच्या एम 101 या दीर्घिकेच्या त्यांनी टिपलेल्या प्रतिमेत एक जादा ठिपका उमटला. तेजाची प्रत 14.9. अंतर सुमारे 2.1 कोटी प्रकाशवर्षं. अशा स्फोटांच्या हिशेबात अगदी शेजारच्या वाड्यातलं.

ठिपका नोंदवला की आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाची यंत्रणा त्याला क्रमाने नाव देते. आधी नुसतं ‘एटी’. वर्णपटाने खात्री पटली की ‘एसएन’. वर्षातली पहिली 26 नावं ए ते झेड, पुढे एए, एबी, मग तीन अक्षरी. याचं नाव पडलं एसएन 2023 आयएक्सएफ. अक्षरांचा हिशेब मांडला, तर हा त्या वर्षीचा 6714 वा उमेदवार निघतो, आणि अजून मे महिनाही सरला नव्हता! यातले बहुतेक ठिपके कॅलिफोर्नियातल्या पालोमारसारख्या वेधशाळांच्या स्वयंचलित कॅमेऱ्यांनी पकडलेले. म्हणजे ठिपका सापडणं ही आता दुर्मीळ गोष्ट राहिलेली नाही. दुर्मीळ आहेत ते त्याचे पहिले काही तास.

का, ते याच ताऱ्याने दाखवलं. काही तासांतच वर्णपट मिळाला आणि त्यात हायड्रोजन दिसला: मोठ्या ताऱ्याचा गाभा ढासळून झालेला, दुसऱ्या प्रकारचा स्फोट. पण त्याच वर्णपटात आयनित हीलियम, कार्बन, नायट्रोजन यांच्या अरुंद, तेजस्वी रेषाही होत्या. त्या स्फोटात उधळलेल्या द्रव्याच्या नव्हेत. मरण्याआधी ताऱ्याने स्वतःभोवती सोडलेला दाट वायू स्फोटाच्या झळाळीने उजळला, त्याच्या. साधारण आठवड्याभरात वेगाने फुगणाऱ्या द्रव्याने तो वायू गिळला आणि रेषा पुसल्या गेल्या. दहा दिवसांनी दुर्बीण रोखणाऱ्याला ताऱ्याच्या अखेरच्या वर्षांचा हा पुरावा दिसलाच नसता.

मग जगभर जुन्या प्रतिमांची शोधाशोध सुरू झाली. एम 101 ही हौशी छायाचित्रकारांची लाडकी दीर्घिका. केवळ तिच्या देखण्या सर्पिल भुजांसाठी 18 आणि 19 मेच्या रात्री अनेकांनी कॅमेरे लावले होते. इतागाकींच्या शोधाआधी टिपलेल्या काही प्रतिमांत हा ठिपका अंधूक का होईना, होता. त्या वेळेनुसार लावल्यावर तेज कसं चढत गेलं याचा आलेख तयार झाला आणि स्फोटाची वेळ 18 मेपर्यंत मागे नेता आली. हबल आणि स्पिट्झर दुर्बिणींच्या संग्रहात तर मूळ तारा जिवंतपणीचा सापडला: धुळीत गुरफटलेला तांबडा महाराक्षसी तारा, सुमारे हजार दिवसांच्या आवर्तनाने कमी-जास्त होणारा. त्याच्या वस्तुमानावर मात्र एकमत नाही. कोणी सूर्याच्या अकरा-बारा पट म्हणतं, कोणी वीस पट.

अशा ताऱ्याचा पाठलाग एका देशाला जमत नाही. सूर्य उगवला की पहारा पुढच्याकडे सोपवावा लागतो. जपान आणि युरोप यांच्या मधली रात्र आपली. लडाखमध्ये 4500 मीटर उंचीवर हानले इथे दोन मीटरची हिमालयन चंद्र दुर्बीण आहे आणि भारतीय ताराभौतिकी संस्था व आयआयटी मुंबई यांची 70 सेंटीमीटरची स्वयंचलित ‘ग्रोथ-इंडिया’. दोन्ही लगोलग या ताऱ्याकडे वळल्या. अतिनील किरणांसाठी अवकाशातून ॲस्ट्रोसॅट हा आपला उपग्रह होताच.

नाव जवळचं असलं, तरी नवताऱ्यांची गोष्ट अतिनवताऱ्यांहून वेगळी. तिथे तारा मरत नाही. श्वेतबटू जोडीदाराकडून हायड्रोजन ओढतो, तो पृष्ठभागावर पेटतो आणि खेळ पुन्हा सुरू. देवयानी दीर्घिकेतला एम31एन 2008-12ए हा तर जवळजवळ दरवर्षी पेटतो, अलीकडे बहुधा दिवाळीपासून वर्षअखेरीपर्यंत. त्याची पहिली नोंदही दोन जपानी हौशी निरीक्षकांची. पण अठराव्या-एकोणिसाव्या प्रतीचा हा तारा लहान दुर्बिणीच्या आवाक्यातला नाही.

चिलीतल्या रुबिन वेधशाळेने जून 2025 मध्ये पहिल्या प्रतिमा प्रसिद्ध केल्या. तिथून आकाशातल्या बदलांच्या रात्रीला लाखो सूचना येणार आणि त्यातल्या बहुतेक ठिपक्यांना वर्णपट कधीच लाभणार नाही; त्यासाठी पुरेशा संख्येने मोठ्या दुर्बिणी जगात नाहीत. जवळच्या, तेजस्वी अतिनवताऱ्यांसाठी मात्र हौशी माणसाची किंमत माझ्या मते वाढणारच आहे, कारण एवढा तेजस्वी प्रकाश मोठ्या सर्वेक्षणांच्या कॅमेऱ्यांना झेपत नाही. तेव्हा पाऊस सरल्यावर सहा-आठ इंची दुर्बीण घेऊन माळावर जाणाऱ्यांना एकच सांगणं: कॅमेऱ्याचं घड्याळ बरोबर लावा आणि दीर्घिकांच्या मूळ प्रतिमा, फसलेल्यासुद्धा, पुसून टाकू नका.