देवळालीचे गुरुजी आणि ६१७४

मद्रास, म्हणजे आजचे चेन्नई, येथे १९४९ साली भरलेल्या गणित परिषदेत नाशिकजवळच्या देवळालीतील एका शाळाशिक्षकाने संख्यांचे एक नवल विद्वानांपुढे मांडले. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर हे त्यांचे नाव. ते बी.एस्सी. होते, त्यापुढील पदवी त्यांच्याजवळ नव्हती.

नवल असे आहे. चारही अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी. तिचे अंक उतरत्या क्रमाने मांडावेत, मग चढत्या क्रमाने मांडावेत आणि मोठ्या संख्येतून लहान वजा करावी. येणाऱ्या उत्तरावर हीच क्रिया पुनःपुन्हा करावी. परिषदेचे सालच घेऊन पाहू :

९९४१ − १४९९ = ८४४२
८४४२ − २४४८ = ५९९४
९९५४ − ४५९९ = ५३५५
५५५३ − ३५५५ = १९९८
९९८१ − १८९९ = ८०८२
८८२० − ०२८८ = ८५३२
८५३२ − २३५८ = ६१७४

आता ६१७४ घेतले, तर ७६४१ − १४६७ = ६१७४. संख्या जागची हलत नाही! आरंभ कोठूनही केला, तरी सातपेक्षा अधिक वजाबाक्या लागत नाहीत. (उत्तर तीन अंकी आल्यास डावीकडे शून्य लिहावे.)

असे का घडते? उतरत्या क्रमातील अंकांना अ, ब, क, ड म्हणू. स्थानिक किमती लिहून वजाबाकी केली, की उत्तर येते :

९९९ × (अ − ड) + ९० × (ब − क)

म्हणजे उत्तर चार अंकांवर नव्हे, केवळ दोन फरकांवर ठरते. पहिला फरक १ ते ९ असतो आणि दुसरा त्याहून मोठा असू शकत नाही. अशा जोड्या अवघ्या ५४ होतात. हजारो संख्या पहिल्याच वजाबाकीत ५४ उत्तरांत गोळा होतात! वर्ग किंवा अज्ञातांचा परस्पर गुणाकार नसलेल्या अशा राशींना रेषीय म्हणतात. त्यांचा अभ्यास म्हणजे रेषीय बीजगणित. अंकांचा क्रम लावणे मात्र रेषीय नाही. म्हणून ती ५४ उत्तरे एकेक करून तपासावीच लागतात. कागद-पेन्सिलीने हे सहज जमते. स्वतःकडेच परतणारी जोडी एकच सापडते, ६ आणि २ : ५९९४ + १८० = ६१७४.

कापरेकरांचे हे काम अनेक भारतीय गणितज्ञांना क्षुल्लक वाटले. १९६२ साली ते शाळेतून निवृत्त झाले. मार्च १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधील आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिले आणि ६१७४ जगभर पोहोचली. तेव्हा कापरेकर सत्तर वर्षांचे होते.