काकांची कंबर आणि चार स्क्रू



आपली जुनी माणसं कष्टाला कधी घाबरली नाहीत. १९५० आणि ६० च्या दशकांत कोकणातून, मुंबईतून इस्राएलला आलेल्यांनी दिमोना, बेएर शेवा, अश्दोद, लोद अशा गावांत कारखान्यांत, बांधकामावर, शेतावर कामं केली. आता तीच कंबर हिशेब मागते आहे. म्हणून या वेळी आम्ही कंबरेच्या ऑपरेशनविषयी लिहीत आहोत.

आमच्या ओळखीचे एक काका आहेत, वय ७४. दहा मिनिटं चाललं की पायात मुंग्या यायच्या, बसलं की बरं वाटायचं. व्यायाम झाला, गोळ्या झाल्या, इंजेक्शनही झालं. एमआरआयमध्ये दिसलं की कंबरेचा चौथा मणका पाचव्यावरून पुढे सरकला आहे आणि नसा दाबल्या गेल्या आहेत. डॉक्टर म्हणाले, "दोन मणके जोडावे लागतील." काका तिथे "केन, केन" म्हणाले आणि घरी येऊन हात झटकले. "पाठ सिमेंटसारखी करणार! मग अमिदा म्हणताना मी वाकू कसा?"

काकांची भीती खोटी नव्हती. आपल्या गमारात म्हटलंय की अमिदाच्या अठरा आशीर्वादांचा संबंध पाठीच्या अठरा मणक्यांशी आहे, आणि वाकताना मणके मोकळे व्हायला हवेत. मग मुलीला आणि नातीला बरोबर घेऊन, प्रश्न कागदावर लिहून, काका पुन्हा डॉक्टरांकडे गेले.

मुलांनो, तुम्हीही ऐका. कंबरेत पाच मणके असतात. दोन मणक्यांच्या मध्ये एक मऊ चकती असते, गादीसारखी. ती झिजली, मणका सरकला, की शेजारची नस चेपते आणि दुखणं पायात उतरतं. मणके जोडण्याचं ऑपरेशन जुनंच आहे. १९११ साली न्यूयॉर्कमध्ये हिब्स आणि अल्बी या दोन डॉक्टरांनी ते वेगवेगळं करून दाखवलं. पूर्वी पाठ मोठी उघडून स्नायू हाडापासून सोडवावे लागत. आता दोन्ही बाजूंना सुमारे तीन सेंटीमीटरची चीर देतात, स्नायू न कापता नळीने बाजूला सारतात, आणि एक्स-रेच्या पडद्यावर बघत काम करतात. खराब चकती काढून तिथे हाडाचा चुरा भरलेला छोटा पिंजरा बसवतात. मग चार स्क्रू आणि दोन सळ्या. स्लॅब पक्का होईपर्यंत बांधकामाला टेकू देतात ना, तसंच हे. खरी जोड हाडच धरतं, आणि त्याला कित्येक महिने लागतात.

स्क्रू नेमका कुठे घालायचा हे दाखवणाऱ्या यंत्रमानवात आपल्या इस्राएलचाही हात आहे. २००१ साली टेक्निऑनचे प्राध्यापक मोशे शोहाम आणि एली झेहावी यांनी मेझोर ही कंपनी काढली. २०१८ साली ती अमेरिकेच्या मेडट्रॉनिकने विकत घेतली.

आता काकांच्या प्रश्नाचं उत्तर. एकच सांधा जोडला तर बाकीचे मणके हलतात, आणि वाकणं बरंचसं खुब्यातून होतं. म्हणजे अमिदा चुकत नाही! फक्त पहिले काही आठवडे वाकणं, पिळणं, ओझं उचलणं बंद.

पण छोटी चीर म्हणजे जादू नव्हे. रक्त कमी जातं, घरी लवकर जाता येतं, पण वर्षा-दोन वर्षांनी बघितलं तर गुण मोठ्या ऑपरेशनइतकाच येतो. जंतुसंसर्ग, नसेला इजा, हाड न जुळणं हे धोके राहतातच. सिगारेट ओढणाऱ्यांचं हाड नीट जुळत नाही. आणि नुसतीच कंबर दुखते, मणका सरकलेला नाही, अशा वेळी चांगला व्यायामही बहुधा तितकंच काम करतो. सरकलेल्या मणक्यातही कधी कधी नुसती नस मोकळी करून भागतं. नॉर्वेतल्या डॉक्टरांनी २०२१ साली हे दाखवून दिलं. तेव्हा डॉक्टरांना जरूर विचारा, "माझे मणके जोडायलाच हवेत का?" दुसऱ्या डॉक्टरचं मत घेण्याचा हक्क १९९६ च्या रुग्ण हक्क कायद्याने आपल्याला दिलेला आहे. लाजू नका.

मात्र लघवी-शौचावरचा ताबा गेला, मांड्यांच्या मधला भाग बधिर झाला, किंवा पायातली ताकद एकाएकी गेली, तर थांबू नका. त्याच क्षणी इस्पितळ गाठा.

आणि नातवंडांनो, आजी-आजोबा डॉक्टरांपुढे "केन, केन" म्हणतात तेव्हा सगळं समजलेलं असतंच असं नाही. घरातलं एक मोठं माणूस बरोबर न्या, आणि घरी आल्यावर सगळं मराठीत पुन्हा सांगा.

काकांनी पूर्ण विचार करून ऑपरेशन करून घेतलं. तिसऱ्या दिवशी ते घरी आले. सात महिन्यांनी घरात एलियाहू हन्नाबीचा मलिदा झाला. आता ते सिनेगॉगपर्यंत न थांबता चालत जातात, आणि मोदीमला वाकतात. पूर्वीइतके खाली नाही, पण वाकतात.

सर्व आजारी मंडळींना रेफुआ शलेमा!