शाळेला पंखा दिला, आता उस्ताद द्या

आम्हा कापडवाल्यांची बैठक कुठेही जमो, सुताचे भाव आणि थकलेली उधारी यांच्यानंतर तिसरी तक्रार ठरलेली असते : कामाची माणसे मिळत नाहीत. हिशेब सांभाळणारा मिळत नाही, नवा लूम दुरुस्त करणारा मिळत नाही, परगावच्या पार्टीला धड पत्र लिहिणारा मिळत नाही. आणि त्याच मोहल्ल्यात, त्याच चहाच्या हॉटेलात दहावी-बारावी झालेली पोरे रिकामी बसलेली दिसतात. माल आहे, गिऱ्हाईक आहे, तरी सौदा होत नाही. व्यापारात असे घडले तर आपण म्हणतो, मधला दलाल कच्चा आहे. शाळा आणि बाजार यांच्यामधला हा दुवा कोणी व्हायचे, याचा विचार आपण व्यापाऱ्यांनी आजवर केलेला नाही. तो करावा म्हणून हा लेख.

आमच्या हातून झालेली चूक

दुसऱ्याला सांगण्यापूर्वी स्वतःचे सांगितले पाहिजे. १९९८ च्या मे महिन्यात शेजारचा एक मुलगा आमच्या मालेगावच्या दुकानावर येऊ लागला. नववीची परीक्षा दिलेली, वय पंधरा. तागे मोजणे, घडी लावणे, चलन लिहिणे ही कामे त्याने आठ दिवसांत उचलली. तोंडी हिशेब असा पक्का की आम्ही कॅल्क्युलेटर काढेपर्यंत याचे उत्तर तयार. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा आम्हीच त्याच्या वडिलांना म्हणालो, "सीझन आहे, आणखी एक महिना राहू द्या." घरी पैशाची नड होतीच. एका महिन्याचे दोन झाले, दोनाचे चार झाले आणि शाळेने त्याचे नाव पटावरून कमी केले. तेव्हा आम्हाला वाटले, एका गरीब घराची चूल पेटती ठेवली, पुण्याचे काम झाले.

तो आजही आमच्याकडे आहे. वय चाळिशीपार, इमानदारीत कसूर नाही. पण २०१७ साली जीएसटी आला, सारा हिशेब संगणकावर गेला, तेव्हा त्या खुर्चीवर बसवण्यासाठी आम्हाला बाहेरून पदवीवाला मुलगा आणावा लागला. वय याच्यापेक्षा बरेच कमी, पगार याच्या दीडपट. ज्याचे डोके जास्त चालते तो तागे उचलतो आणि ज्याच्याकडे कागद आहे तो पंख्याखाली बसतो. यात त्याचा दोष नाही. आम्ही त्याच्या हाताला हुनर दिला, पण शाळा काढून घेतली.

तेव्हा खरा प्रश्न असा आहे : मुलाची शाळाही सुटू नये आणि त्याला बाजाराचे कामही कळावे, हे दोन्ही एकाच वेळी कसे साधावे? अमेरिकेतील एका सरकारी शाळेने हे साधण्याचा प्रयत्न केला. त्यातील चांगले आणि कच्चे दोन्ही समजून घेण्यासारखे आहे.

ब्रुकलिनची शाळा

न्यूयॉर्क शहराच्या ब्रुकलिन भागात क्राऊन हाइट्स नावाची कष्टकरी वस्ती आहे. तिथे बंद पडत चाललेल्या एका हायस्कूलच्या इमारतीत सप्टेंबर २०११ मध्ये पी-टेक ही नवी शाळा सुरू झाली. भागीदार तिघे : शहराचे शिक्षण खाते, सिटी युनिव्हर्सिटीचे तंत्रनिकेतन कॉलेज आणि संगणक बनवणारी आयबीएम कंपनी. पहिल्या वर्षी सुमारे शंभर मुले आली. बहुतेक काळ्या आणि हिस्पॅनिक समाजातील, पुष्कळशी गरीब घरांतील. प्रवेशाला परीक्षा नव्हती. हुशार मुले निवडून घेतली आणि मग यशाचा डंका वाजवला, असा हा प्रकार नव्हे.

अमेरिकेत हायस्कूल नववी ते बारावी असे चार वर्षांचे असते. या शाळेने ते सहा वर्षांचे केले. शाळेचा दाखला आणि कॉलेजची दोन वर्षांची सहयोगी पदवी, दोन्ही एकाच छताखाली आणि दोन्ही मोफत. पदवी संगणक प्रणालीची किंवा विद्युत-यांत्रिक तंत्रज्ञानाची. जो चलाख असेल त्याने सहाऐवजी चार वर्षांत संपवावी, ज्याला वेळ लागतो त्याने पूर्ण सहा वर्षे घ्यावीत. शाळेचा दिवसही नेहमीपेक्षा लांब ठेवला.

भागीदाराने काय दिले?

आपल्याकडे शाळेला मदत म्हटली की आपण काय करतो? वर्गात पंखा लावतो आणि पात्यावर वडिलांचे नाव रंगवतो. बक्षीस समारंभाला जातो, हार घेतो, चहा घेऊन परत येतो. पंखा वाईट नाही, उन्हाळ्यात मुलांना वारा मिळतो. पण पंख्याने मुलाला नोकरी मिळत नाही.

त्या कंपनीने मुख्यतः तीन गोष्टी दिल्या. पहिली म्हणजे कामांची यादी. आमच्याकडे नवा माणूस लागतो तेव्हा त्याला नेमके काय यावे लागते, हे त्यांनी कामानुसार लिहून काढले आणि ते शिक्षकांपुढे ठेवले. अभ्यासक्रम त्या यादीवरून उलट्या दिशेने रचला गेला. कापड कोणते हवे ते आधी ठरवून मग सुताचा नंबर ठरवावा, तसे.

दुसरी गोष्ट म्हणजे माणसाचा वेळ. प्रत्येक मुलाला कंपनीतील एक नोकरदार मार्गदर्शक म्हणून मिळाला. आपल्या भाषेत सांगायचे तर उस्ताद. मुलाने त्याला अडचण विचारावी, त्याने रस्ता दाखवावा. ज्या मुलाच्या घराण्यात कोणी ऑफिसची पायरी चढले नाही, त्याला ऑफिसात काम करणारा माणूस जवळून पाहायला मिळाला. पुढे उन्हाळी सुट्टीत कंपनीत प्रत्यक्ष काम, तेही पगारी.

तिसरी गोष्ट शब्दाची. पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या मुलाला सुरुवातीच्या जागांसाठी रांगेत पहिले उभे करू, असे कंपनीने सांगितले. नोकरीची हमी नव्हे, पण दरवाजा उघडण्याची हमी. मुलाला एवढे कळले की अभ्यासाच्या टोकाला काहीतरी आहे, तर तो पुस्तक वेगळ्या नजरेने उघडतो.

आणि एक गोष्ट कंपनीने घेतली नाही. शाळेची मालकी. शाळा सरकारचीच राहिली, शिक्षक सरकारचेच राहिले, पदवी कॉलेजचीच राहिली. हे फार महत्त्वाचे आहे, त्याकडे पुढे येऊ.

निकाल काय लागला?

२०१३ साली तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा यांनी वार्षिक भाषणात या शाळेचा उल्लेख केला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये स्वतः शाळेला भेट दिली. २०१५ साली पहिल्या तुकडीतील सहा विद्यार्थ्यांनी सहा वर्षांचा अभ्यास चार वर्षांत संपवला. त्यांतील काही आयबीएममध्ये लागले, काही पुढे चार वर्षांच्या कॉलेजात गेले. त्यानंतर अमेरिकेच्या इतर राज्यांत आणि इतर देशांतही या नमुन्यावर शाळा निघाल्या.

पण सहा म्हणजे शंभर नव्हेत, हे आपण हिशेबी माणसांनी विसरू नये. हायस्कूलच्या मुलांना कॉलेजचे विषय जड गेले, काही त्यांत नापासही झाले. प्रत्येकजण पदवीपर्यंत पोहोचला नाही. मात्र न्यूयॉर्कमधील अशा सात शाळांचा अभ्यास एमडीआरसी या संशोधन संस्थेने केला. प्रवेश सोडतीने होत असल्यामुळे, सोडतीत नंबर लागलेल्या आणि न लागलेल्या मुलांची तुलना करता आली. या शाळांतील मुलांनी कॉलेजचे विषय अधिक प्रमाणात घेतले आणि कामाचा अनुभवही अधिक घेतला, असे त्यात दिसले. म्हणजे चमत्कार नाही, पण नफा आहे. व्यापारात आपण यापेक्षा कमी नफ्यावर दुकाने चालवतो.

आपली यादी कोण लिहिणार?

कोणी म्हणेल, आयबीएम कुठे आणि आम्ही वीस-पंचवीस लूमवाले कुठे! बरोबर आहे. एकट्याने होणारे काम हे नव्हे. पण आपल्या संघटना आहेत, मार्केट कमिट्या आहेत. वीजदराच्या प्रश्नावर आपण एका दिवसात लूम बंद ठेवतो, तर वर्षातून दोन दिवस शाळेसाठी एकत्र का बसू नये?

आधी यादी करावी. आमच्या धंद्यापुरते आम्ही सांगतो. हिशेबाच्या माणसाला जीएसटीचे विवरणपत्र भरता यावे आणि जॉबवर्कचे चलन वाचता यावे. शटल जाऊन रेपिअर लूम येत आहेत, त्यांच्या मिस्त्रीला पाना-हातोड्याबरोबर इलेक्ट्रॉनिक्सचे पॅनेल आणि मशीनचे इंग्रजी पुस्तक समजावे. डिझाइनवाल्याला ग्राफ पेपरही कळावा आणि संगणकही. विक्रीच्या माणसाला हिंदी बोलता यावी, इंग्रजीत पत्र लिहिता यावे आणि सरकारी कामासाठी मराठी लिहिता यावी.

मराठीवर आम्ही मुद्दाम जोर देतो. आम्ही उर्दू माध्यमात शिकलो, त्याचा आम्हाला अभिमान आहे. पण धंद्यात पडलो तेव्हा वीजबिलाच्या तक्रारीचा एक साधा अर्ज मराठीत लिहिण्यासाठी दुसऱ्याच्या दारात तासन्‌तास बसावे लागले. चौथ्या फेरीत अर्ज स्वीकारला गेला. वर्गात मराठीचा तास आम्ही पाठीमागच्या बाकावर घालवला होता, त्याचे व्याज असे भरले. एखादा व्यापारी वर्गात जाऊन ही गोष्ट मुलांना सांगेल, तर मास्तरांच्या दहा उपदेशांपेक्षा तिचा परिणाम जास्त होईल.

कायदा काय म्हणतो?

इथे सावध राहिले पाहिजे. "मूल शिकेल" म्हणून त्याला लूमवर उभे करणे म्हणजे शिक्षण नव्हे. २०१६ च्या कायदादुरुस्तीप्रमाणे चौदा वर्षांखालील मुलाला कामावर ठेवण्यास बंदी आहे आणि चौदा ते अठरा वयाच्या मुलांना धोक्याच्या कामावर ठेवता येत नाही. शाळेतील मुलाने कारखाना पाहावा, विचारावे, वहीत लिहून घ्यावे. उत्पादन त्याच्याकडून घेऊ नये.

यासाठी सरकारी धोरणातही जागा आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना सुतार, कुंभार, माळी, कलावंत अशा स्थानिक जाणकारांकडे जाऊन काम समजून घ्यावे, असे सुचवले आहे. त्या यादीत विणकर आणि रंगारी का नसावेत? शाळेने आपल्याला विचारण्याची वाट न पाहता आपणच मुख्याध्यापकांकडे जावे.

दहावीनंतर १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा आहे. २०१९ च्या नियमांनुसार तीस किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेला शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक झाले आणि चार ते एकोणतीस माणसांच्या आस्थापनेला ते ऐच्छिक ठेवले. म्हणजे आपल्यासारखे लहान व्यापारीही त्यात बसतात. २०१६ च्या योजनेत विद्यावेतनाचा पाव हिस्सा, दरमहा १,५०० रुपयांपर्यंत, सरकारने उचलण्याची तरतूद झाली. आपण बिनकागदी पोऱ्या ठेवतो, त्याऐवजी कागदोपत्री शिकाऊ उमेदवार ठेवला तर त्याच्या हाती शेवटी प्रमाणपत्र राहते. त्या कागदाची किंमत काय असते, हे आमच्या दुकानातील माणसाला विचारावे.

धंदा बसला तर?

आता मालकीची गोष्ट. शाळेने मुलाला फक्त आपल्या लूमपुरते घडवावे, अशी अपेक्षा आपण ठेवू नये. आज मंदी आली की लूम भंगारात वजनावर विकले जातात, हे आपण डोळ्यांनी पाहिले आहे. अशा वेळी फक्त एकाच मशीनची ओळख असलेला मुलगा कुठे जाईल? ब्रुकलिनच्या मुलांची पदवी कॉलेजची होती. कंपनीने घेतले तर उत्तम, नाही तर ती पदवी घेऊन तो दुसऱ्या दारात जाऊ शकत होता. भागीदाराने मुलाला रस्ता दाखवावा, त्याच्या पायात दोरी बांधू नये. आपण शिकवलेला मुलगा उद्या शेजारच्या पेढीत लागला, तर तेही नुकसान समजू नये. शेजाऱ्याने शिकवलेला आपल्याकडे येईलच.

आमच्याकडील त्या माणसाची मुलगी सध्या नववीत आहे. गणितात बापावर गेली आहे. मागच्या आठवड्यात तो संकोचत म्हणाला, "शेठ, सुट्टीत तिला डिझाइनचा संगणक पाहायचा आहे. आणू का?" आम्ही म्हणालो, "जरूर आणा. पण बाईंची चिठ्ठी घेऊन आणा, आणि शाळा उघडेल त्या दिवशी ती इथे दिसली तर आम्हीच तिला शाळेत सोडून येऊ." तो हसला, पण आम्हाला हसू आले नाही. हेच वाक्य आम्ही १९९८ च्या जूनमध्ये बोलायला हवे होते.

व्यापारी बांधवांनो, आपल्या मोहल्ल्यातील हायस्कूलच्या मुख्याध्यापकांना पुढील सुट्टीपूर्वी एकदा भेटा. बरोबर देणगीचे पावतीपुस्तक नको. एक कागद न्या, आणि आपल्या पेढीवर कोणते काम करायला काय काय यावे लागते, ते त्यावर लिहून त्यांच्या हाती द्या. सुरुवात तेवढ्याने होईल.